पायताण चावल्याचा कागद

२०२५च्या मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीच्या लग्नासाठी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चप्पल लाइनीतून, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारातून, नवे पायताण आणले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे पहिले काही दिवस ताठ असते, त्याला तेल पाजावे लागते आणि रोज थोडा थोडा वेळ घालून ते पायाला बसवावे लागते, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. आबांनी तेवढी सवड दिली नाही. हळदीच्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या पंगतीपर्यंत ते त्याच पायताणात वावरले आणि घरी आले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, पट्टा घासतो तिथे, रुपयाएवढा फोड आला होता.

“पायताणच चावलंय रं, त्याला कशाला दवाखाना?” असे म्हणून त्यांनी त्यावर हळद आणि खोबरेल लावले. तिसऱ्या दिवशी फोड फुटला. आईने फार आग्रह केल्यावर ते गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि दीडशे रुपये घेतले. त्यांनी कागद दिला नाही आणि आबांनी मागितला नाही. मला जे लिहायचे आहे ते मुख्यतः त्या न मागितलेल्या कागदाबद्दल आहे.

आबांना मधुमेह आहे. पायाची संवेदना थोडी कमी झालेली असल्यामुळे जखम चिघळत गेली तरी तिच्या मानाने वेदना जाणवल्या नाहीत. नवव्या दिवशी पाऊल घोट्यापर्यंत लाल झाले, अंगात ताप भरला आणि रात्री आम्ही त्यांना खासगी रुग्णालयात दाखल केले. निदान सेल्युलायटिसचे झाले, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरांत पसरलेला जिवाणूंचा संसर्ग. शल्यचिकित्सकांनी मेलेली त्वचा काढून जखम साफ केली, शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि पाच रात्री मुक्काम झाला. पाय वाचला, बोटही वाचले, आणि त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. बिल बहात्तर हजारांच्या घरात गेले.

आबांची आरोग्य विम्याची पॉलिसी नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेली होती. अर्जात मधुमेह प्रामाणिकपणे लिहिला होता आणि त्यासाठी ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही असा काळ, पॉलिसीत नमूद होता. मे २०२५ मध्ये त्यातले सुमारे ३० महिने झाले होते. आमची समजूत अशी की, उपचार मधुमेहाचा नव्हे, जखमेचा आहे, तेव्हा अडचण येणार नाही. विमा नियामक संस्थेच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरावे या विनंतीवर कंपनीला तासाभरात निर्णय द्यावा लागतो. निर्णय वेळेत आला, पण तो नकाराचा होता. कॅशलेस नाकारले म्हणजे दावाच फेटाळला असे होत नाही. पैसे स्वतः भरून नंतर प्रतिपूर्ती मागता येते, हे पुष्कळांना माहीत नसते आणि ते तिथेच थांबतात. आम्ही बिल भरले आणि सगळी कागदपत्रे जोडून दावा पाठवला. सहा आठवड्यांनी तोही नामंजूर झाल्याचे पत्र आले.

त्या पत्रामुळे मी पॉलिसीची पुस्तिका पहिल्यांदा ओळीओळीने वाचली. आधीपासूनच्या आजाराच्या प्रतीक्षा काळाचे कलम फक्त त्या आजाराला लागू नसते, त्या आजाराच्या ‘थेट गुंतागुंतीलाही’ लागू असते. हे शब्द प्रमाणित आहेत, प्रत्येक कंपनीच्या पॉलिसीत सापडतात. कंपनीचे म्हणणे असे की, आबांच्या पायाचा संसर्ग ही मधुमेहाची थेट गुंतागुंत आहे. आमचे म्हणणे असे की, संसर्ग पायताणाने फाटलेल्या त्वचेतून आत शिरला आणि तशी त्वचा फाटल्यास मधुमेह नसलेल्या माणसालाही सेल्युलायटिस होतो. आमच्या शल्यचिकित्सकांनी पत्रात दोन्ही गोष्टी लिहून दिल्या: पादत्राणाच्या घर्षणाने त्वचा फाटून तिथून संसर्ग झाला, आणि मधुमेहामुळे जखम भरून येण्यास विलंब झाला. ते पत्र खरे होते. त्यातले दुसरे वाक्य गाळावे असे आम्ही त्यांना सांगितले नाही, सांगायलाही नको होते.

मग उरला तो जखमेचा पुरावा. पॉलिसीत ‘इजा’ या शब्दाची व्याख्या दिलेली असते. आजाराचा संबंध नसलेली, केवळ आणि थेट बाह्य, जोरकस आणि उघड दिसणाऱ्या कारणाने झालेली अपघाती शारीरिक हानी, एवढ्यावर ती संपत नाही. ती हानी वैद्यकीय व्यावसायिकाने तपासून प्रमाणित केलेली असावी लागते, हे शेवटचे शब्दही व्याख्येतच आहेत. ‘अपघात’ या शब्दाची व्याख्याही अशीच आहे: अचानक, अनपेक्षित, अनैच्छिक आणि बाह्य कारणाने घडलेली घटना. दोन दिवस पायताण घासत राहणे हे ‘अचानक’ या शब्दात बसते का, यावर वाद होऊ शकतो. पण जखम कधी झाली, कशाने झाली आणि त्या वेळी ती किती होती, हे सांगणारा पहिल्या आठवड्यातला एकही कागद आमच्याजवळ नव्हता. होते ते रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या पहिल्या ओळीत, दाखल करून घेताना रात्री घाईत लिहिलेले दोन शब्द होते: मधुमेही पाय. पायताणाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. त्या रात्री डॉक्टरांनी विचारले तेव्हा “शुगर कधीपासून आहे?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही नीट दिले, पण जखम कशाने झाली हे आपणहून सांगायचे आमच्या डोक्यातच आले नाही.

आम्ही गल्लीतल्या डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांच्या वहीत आबांचे नाव आणि फी याशिवाय नोंद नव्हती. मागची तारीख घालून कागद करून द्यावा असे आम्ही म्हटले नाही, आणि त्यांनी दिला असता तरी तो घेणे चुकीचे ठरले असते. सलग ६० महिने चाललेल्या पॉलिसीचा दावा माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला त्या संरक्षणातूनही वगळलेले आहे. दीडशे रुपयांच्या ड्रेसिंगसाठी खोटा कागद जोडून आयुष्यभराची पॉलिसी धोक्यात घालणे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

आता साध्या किरकोळ जखमांबद्दल, कारण बहुतेकांचा प्रश्न तिथेच असतो. आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा हा रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा विमा आहे आणि दाखल होणे म्हणजे किमान सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून उपचार घेणे. कापले, खरचटले, भाजले, टाके पडले, आणि त्याच दिवशी माणूस घरी आला, तर तो खर्च बाह्यरुग्ण उपचारांत मोडतो आणि नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. डे-केअरच्या यादीचा आधार घेऊन काही जण वाद घालतात की, टाके घालताना भूल दिली होती. त्यांनी डे-केअरची व्याख्या पूर्ण वाचावी. भूल देऊन २४ तासांच्या आत केलेला उपचार एवढ्याने भागत नाही. तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे वेळ वाचलेला, पण एरवी २४ तासांपेक्षा जास्त काळ दाखल व्हावे लागले असते असा तो उपचार असावा लागतो आणि नेहमी बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. हनुवटीचे चार टाके त्यात बसत नाहीत. भटक्या कुत्र्याने ओरखडले तर रेबीजच्या लशीचे डोसही बाह्यरुग्ण विभागातच घेतले जातात. सरकारी रुग्णालयांत ती लस मोफत मिळते, आणि रक्त न आलेला ओरखडाही लस घेण्याजोगा असतो, म्हणून तिथे विम्याचा विचार करत एक दिवसही घालवू नये.

माझ्या मामेभावाचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. मागच्या हंगामात काहिलीतून उडालेला रस त्याच्या मनगटावर पडला. उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. कामगारांनी त्याचा हात ताबडतोब वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायला लावला, हे फार चांगले केले. शाई, टूथपेस्ट असले काही लावले नाही. त्यानंतर एक दिवसाआड सात ड्रेसिंग झाली आणि सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. त्या काळात एका परिचिताने त्याला सुचवले होते: “एक रात्र ॲडमिट हो, क्लेम बसेल.” असले सल्ले देणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असावा आणि त्याची व्याप्ती, कालावधी व तीव्रता गरजेपेक्षा अधिक नसावी, अशी अट पॉलिसीतच असते. मनगटावर फोड आलेल्या माणसाला चोवीस तास खाटेवर झोपवले तर कंपनीचे डॉक्टर ते कागदावरून ओळखतात, दावा फेटाळतात आणि खाटेचे भाडे मात्र भरावेच लागते. शिवाय भाजल्याची जखम उघडी असताना रुग्णालयात उगाच राहणे म्हणजे आणखी संसर्गाला बोलावणे आहे.

त्याच मनगटावर पुढे त्वचा आखडली असती आणि हात पूर्ण वळेनासा झाला असता, तर चित्र वेगळे असते. सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी वगळणारे कलम प्रत्येक पॉलिसीत असते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. म्हणजे आखडलेली त्वचा सोडवण्यासाठी किंवा त्वचारोपणासाठी दाखल व्हावे लागले तर तो खर्च मागता येतो आणि केवळ डाग फिका करण्यासाठी लेझर घेतले तर मागता येत नाही. हा फरक कंपनीला कागदावरून कळतो. मूळ भाजल्याचा दिनांक, जागा आणि कारण नोंदलेले नसेल, तर दोन वर्षांनंतरचा व्रण कशाचा आहे हे कोणी आणि कसे सिद्ध करावे?

किरकोळ जखमेची पावती जपण्याचे आणखी एक कारण मला या प्रकरणात उशिरा कळले. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतला आणि घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्चही मिळतो, अट एवढीच की तो त्याच दुखण्याचा असावा. नियामकाने एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना द्यायला लावलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत हे दिवस अनुक्रमे ३० आणि ६० आहेत. याचा अर्थ असा की, जी पट्टी एकटी असताना बाह्यरुग्ण उपचार म्हणून मिळत नाही, तीच जखम चिघळून दाखल व्हावे लागले, तर ती पट्टी, ती प्रतिजैविके आणि रक्ताची तपासणीही दाव्यात येते. सुटी झाल्यावर दीड महिना चाललेली ड्रेसिंगही येतात. त्यातला क्रेप बँडेजसारखा सुटा माल मात्र न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतो, तेवढी वजावट गृहीत धरावी.

नवी पॉलिसी घेणाऱ्यांसाठी एक चांगली तरतूद आहे. पहिल्या ३० दिवसांत कोणत्याही आजाराचा दावा चालत नाही, पण अपघाताने झालेल्या इजेला हा प्रतीक्षा काळ लागू होत नाही. पॉलिसी घेतल्याच्या पाचव्या दिवशी मोटारसायकल घसरून रस्त्याने कातडी सोलली आणि दाखल व्हावे लागले, तर दावा करता येतो. तिथेही अपघाताची नोंद हवी. रस्त्यावरचा अपघात असेल तर रुग्णालय मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करते आणि कंपनी ती मागते. पोलिसांचे नाव निघाले की लोक घाबरून “घरात पडलो” असे सांगतात. पुढे क्ष-किरण अहवाल एक सांगतो, केसपेपर दुसरेच सांगतो आणि खरा दावा संशयाच्या फेऱ्यात अडकतो.

लहानसा दावा केल्याने पुढच्या वर्षी हप्ता वाढेल का, किंवा कंपनी नूतनीकरण नाकारेल का, हेही मला अनेकांनी विचारले. आधी दावा केला या कारणाने नूतनीकरण नाकारता येत नाही आणि एकट्या माणसाच्या दाव्यांवरून त्याच्या हप्त्यावर अधिभार चढवता येत नाही. परिणाम होतो तो संचित बोनसवर. आरोग्य संजीवनीचे उदाहरण घ्यायचे तर दाव्याविना गेलेल्या प्रत्येक वर्षी विमा रकमेत ५ टक्के भर पडते आणि दावा केला की ती त्याच दराने घटते. पाच लाखांच्या पॉलिसीत चार वर्षे दावा नसेल तर संरक्षण सहा लाखांचे होते आणि त्यानंतर एक दावा केला की ते पावणेसहा लाखांवर येते. शिवाय त्या पॉलिसीत प्रत्येक दाव्याचा ५ टक्के भाग आपल्याला उचलावा लागतो. तेव्हा एका रात्रीच्या सात-आठ हजारांच्या बिलासाठी पंचवीस हजारांचे संरक्षण सोडायचे का, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी सोडणार नाही. पण पाच रात्रींचे बिल असेल तर एक क्षणही थांबणार नाही.

पॉलिसी घेतानाच्या अर्जाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तिथे त्वचेच्या जखमा हमखास लिहायच्या राहून जातात. आधीपासूनच्या आजाराच्या व्याख्येत आजाराबरोबर ‘इजा’ हा शब्दही आहे: पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेली, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला अशी कोणतीही स्थिती, दुखणे, इजा किंवा आजार. लहानपणी सायकलवरून पडून गुडघ्यावर राहिलेला व्रण यात येत नाही. पण सहा आठवडे न भरलेली पायाची जखम, टाके काढल्यावर वाढत गेलेला व्रण, दोन वर्षांपूर्वी ज्यासाठी दाखल झालो ते भाजणे, हे सगळे येते. “एवढं काय लिहायचं?” असे एजंट म्हणाला तरी लिहावे. लिहिले तर बहुधा प्रतीक्षा काळ लागेल. न लिहिता पुढे उघड झाले तर पूर्ण दावा जाऊ शकतो, आणि त्या वेळी एजंट समोर नसतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना राज्य कामगार विम्यातून साध्या ड्रेसिंगपासून सगळे उपचार मिळतात, तिथे २४ तासांची अट नाही. वितळलेल्या लोखंडाचा थेंब पायावर पडला तर त्यांनी खासगी पॉलिसीकडे न पाहता आधी तिकडे जावे.

आमच्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगतो. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले, शल्यचिकित्सकांचे पत्र जोडले, दाखल होतानाची तीन महिन्यांची सरासरी साखर नियंत्रणात होती हा अहवालही जोडला. उत्तरात पहिलाच निर्णय कायम ठेवला होता. त्यापुढे विमा लोकपालांचा, म्हणजे विमाधारक आणि कंपनी यांच्यातले वाद तटस्थपणे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचा, मार्ग होता. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीने महिनाभरात समाधानकारक उत्तर दिले नाही तर तिथे जाता येते, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. आबा म्हणाले, “पाय हाय न्हवं जाग्यावर? आता पुरं कर.” मी पुरे केले, आणि ते मला आजही सलते. थेट गुंतागुंतीचा अर्थ कंपनीने गरजेपेक्षा सैल लावला असे मला अजूनही वाटते आणि ते कोणीतरी तटस्थपणे तपासायला हवे होते. पण तपासणाऱ्याने पहिल्या दिवसाचा कागद मागितला असता तर माझ्याकडे तो नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आबांचा ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ संपला. शल्यचिकित्सकांनी ताठ पायताण घालायला कायमची मनाई केली आहे. आबा रोज रात्री तळपाय आरशात पाहतात आणि त्याची नोंद आईने त्यांना एका वहीत ठेवायला लावली आहे. जानेवारीत माझ्या मुलाचे ढोपर फुटबॉल खेळताना सोलवटले, तेव्हा मी त्याच गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्टी बांधली आणि मी म्हणण्याआधीच चिठ्ठी पुढे ओढली. तारीख, वेळ, उजवा गुडघा, मैदानावर पडून, आज सायंकाळी साडेपाच वाजता, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. घरी येऊन मी त्या चिठ्ठीचा आणि गुडघ्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि ती आबांच्या फाइलमागे मुलाच्या नव्या फाइलीत लावली. जखम सहा दिवसांत भरली. चिठ्ठी तशीच आहे.